पायाशी भट्टी

जोंगा चालवलेल्या फौजीला गाडीच्या आतली उष्णता म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं बनलेली ही निसान घराण्यातली गाडी. पुढे जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मधे एक पत्रा आणि पत्र्याच्या अलीकडे आपले बूट. मी लेफ्टनंट म्हणून युनिटला पोचलो तेव्हा जोंगा निवृत्तीच्या वाटेवर होत्या, पण महाजन रेंजवर मे महिन्यात त्यातून फिरण्याचं भाग्य मला लाभलं. पुढे बीएमपीत बसलो. तिथे ड्रायव्हर डाव्या हाताला बसतो आणि त्याच्या उजव्या कुशीला, एका आडभिंतीपलीकडे, तीनशे हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन धडधडत असतं. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीतल्या माणसाने कुणाच्या गाडीतल्या उष्म्याला हसू नये.

तरीही सांगतो, आयुष्यात सर्वात जास्त पाय भाजले ते रणगाड्याच्या जातीतल्या कुठल्या वाहनात नाही, तर एका देखण्या, दोन दारांच्या, उघड्या टपाच्या इंग्रजी स्पोर्ट्स कारमध्ये. ऑस्टिन-हीली ३०००. जुन्या गाड्यांचे शौकीन तिला नुसतं 'बिग हीली' म्हणतात आणि तिच्या आतल्या गरमीचे किस्से एखाद्या कडक सीओचे किस्से सांगावेत तसे, थोड्या अभिमानानेच सांगतात. ही गाडी इतकी तापते का, आणि जिथे सर्वात जास्त तापणार तिथेच ती का विकली गेली, हा इतिहास मला त्या किस्स्यांपेक्षा जास्त रंजक वाटतो.

आधी माणूस. डोनाल्ड हीली हा इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचा, जन्म १८९८चा. पहिल्या महायुद्धात तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक होता आणि त्याचं विमान पाडलं ते ब्रिटिशांच्याच विमानविरोधी तोफांनी. (आपल्याच तोफखान्याबद्दल तक्रार करण्याची पायदळाची परंपरा किती जुनी आहे पाहा, विमानवालेही त्यात आहेत.) १९३१ साली त्याने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. दुसऱ्या महायुद्धात तो हंबर कंपनीत चिलखती गाड्यांच्या कामावर होता. त्या हंबर चिलखती गाड्या पुढे आपल्या सैन्यातही होत्या, वाचकांपैकी जुन्या रिसाल्यातल्या मंडळींना ते नाव ओळखीचं असेल. युद्ध संपताना त्याच्या डोक्यात मात्र चिलखत नव्हतं, वेगवान आणि हलकी गाडी होती.

युद्ध जिंकलेलं ब्रिटन तेव्हा कर्जात बुडालेलं होतं. डॉलर हवे होते. सरकारचा धोशा एकच: निर्यात करा, नाहीतर मरा. पोलाद रेशनवर होतं आणि जो कारखाना जास्त माल परदेशी पाठवेल त्याला जास्त पोलाद, असा हिशोब होता. त्यामुळे गाडी बर्मिंगहॅमच्या पावसात, धुक्यात, चार अंशांच्या सकाळी तयार व्हायची आणि पाठवली जायची कॅलिफोर्नियात. तिथल्या सॅक्रामेंटोसारख्या गावात जुलैची दुपार पस्तिशीच्या आसपास असते.

ऑस्टिन कंपनीने अमेरिकेसाठी ए-९० अटलांटिक नावाची एक गाडी काढली होती. अमेरिकनांनी तिला विचारलं नाही. तिचं २,६६० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन कारखान्यात पडून होतं. हीलीने तेच घेऊन एक सुंदर दोन आसनी गाडी बांधली आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ठेवली. ऑस्टिनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी ती पाहिली आणि प्रदर्शन चालू असतानाच सौदा झाला. हीलीची गाडी ऑस्टिन-हीली झाली. १९५६ मध्ये तिच्यात सहा सिलिंडरचं लांब इंजिन बसवलं, १९५९ मध्ये ते २,९१२ सीसीचं झालं आणि नाव पडलं ३०००. १९६७ च्या अखेरीस उत्पादन थांबलं तोवर ३००० या नावाच्या सुमारे ४३ हजार गाड्या बनल्या. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त निर्यात झाल्या, बहुतेक उत्तर अमेरिकेत.

म्हणजे घरच्या हवामानासाठी आखलेली गाडी घरी जवळजवळ राहिलीच नाही. इंग्लंडमध्ये इंजिनाची वाया जाणारी ऊब ही फुकटची मेहेरबानी होती. एमजीबी ही हीलीची धाकटी जातभाई १९६२ साली आली तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला हीटरचे वेगळे पैसे मोजावे लागत. उघड्या गाडीत, पावसाळी संध्याकाळी, पायाशी गरम वारा येतोय म्हणून कोण तक्रार करणार?

आता उष्णता येते कुठून ते पाहू. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने पाव हिस्सा चाकांकडे जातो. उरलेली बहुतेक रेडिएटरच्या पाण्यात आणि एक्झॉस्टच्या धुरात जाते. हीलीचं बॉनेट बुटकं आणि त्याखाली लांब सहा सिलिंडरचं इंजिन कोंबलेलं. रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा बाहेर पडणार कुठून? वर वाट नाही, बाजूला वाट नाही. ती मागे सरकते, ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्यावर आदळते आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यात शिरते. त्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, त्यामुळे पेट्रोलही तापतं. मॅनिफोल्ड जोर लावल्यावर कित्येक शे अंशांना पोचतो. तिथून निघणारा पाइप आणि सायलेन्सर माणसांच्या खालून, फरशीच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून मागे जातात. गाडी जमिनीपासून इतकी कमी उंच की पाइप आणखी खाली न्यायला जागाच नव्हती. आहे तोच सायलेन्सर आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर घासतो.

आणि एक गोष्ट जी मला स्वतः हात लावून पाहीपर्यंत खरी वाटली नव्हती: उघडी गाडी जास्त थंड असते हा भ्रम आहे. गाडी वेगात असताना काचेच्या मागे, म्हणजे आपण बसतो तिथे, हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला हवा वरूनच येते असं नाही. पेडलच्या भोकांतून, गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या रबरातून, वायर जातात त्या छिद्रांतून खालची तापलेली हवा वर ओढली जाते. डोक्याला वारा आणि घोट्यांना भट्टी. १९६२ मध्ये हीलीला वर-खाली होणाऱ्या काचा आणि धड कापडी छप्पर मिळालं, गाडी जास्त बंदिस्त झाली, आणि आत आलेली गरमी आतच राहू लागली.

कारखान्याला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांच्या रॅलीच्या गाड्या पाहा. पुढच्या चाकांच्या मागे, मडगार्डच्या पत्र्यात, मोठ्या झडपा कापलेल्या दिसतात. बॉनेटखालची गरम हवा तिथून बाहेर फेकली जायची. १९६० साली पॅट मॉस आणि अ‍ॅन विझ्डम या दोघींनी अशाच ३००० मधून लिएज-रोम-लिएज ही रॅली जिंकली. महिलांच्या वेगळ्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिल्या. बेल्जियमपासून युगोस्लाव्हियापर्यंतचे डोंगरी, धुळीचे रस्ते आणि जवळजवळ चार दिवस न थांबता पळणं. पॅट ही प्रसिद्ध रेसर स्टर्लिंग मॉसची बहीण, पण या गाडीपुरतं बोलायचं तर भावाचं नाव सांगायची गरज पडू नये. ज्यांनी बीएमपी सलग एक रात्र चालवली आहे त्यांनी चार दिवसांची कल्पना करावी.

हीली स्वतःही आपल्या गाडीची आच घेणारा होता. अमेरिकेतल्या युटाच्या बॉनव्हिलच्या मिठागरावर, १९५६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, खास बांधलेल्या हीलीत बसून त्याने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. मग विकायच्या गाडीला त्या झडपा का नाही? माझं मत असं की झडपांमुळे गाडीचं रूप बिघडलं असतं, आणि ती गाडी रूपावर विकली जात होती. शिवाय तक्रार करणारा गिऱ्हाईक पाच हजार मैलांवर होता. साहेबाला घाम फुटेपर्यंत फाइल हलत नाही, ही काही फक्त आपलीच रीत नाही.

आता ज्या गाडीमुळे मी यात पडलो तिच्याकडे येतो. सिकंदराबादच्या पोस्टिंगमध्ये असताना सैनिकपुरीत राहणाऱ्या एका निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांची ओळख झाली. सैनिकपुरी म्हणजे माजी सैनिकांचीच वस्ती. तिथे कुठल्याही फाटकामागे काय निघेल सांगता येत नाही. यांच्याकडे हिरवी हीली ३००० निघाली. दर रविवारी सकाळी साहेब आणि मॅडम त्यातून फेरफटका मारत. वयं पंचाहत्तरीच्या पुढची. गाडी आतून इतकी तापायची की साहेबांनी एका गॅरेजवाल्याकडून गालिच्याखाली जाड थर बसवून घेतला होता. उष्णता थोडी कमी झाली, पण मॅडमना प्रत्येक फेरीनंतर डोकं दुखायला लागलं. साहेबांचं निदान तयार होतं: "ऊन लागतं हिला."

मॅडम मूळच्या नागपूरच्या, सीताबर्डीच्या. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून खूश असायच्या. त्या म्हणाल्या, "अरे, मी नागपूरची आहे. मला कुणी उन्हाळा शिकवू नये. हे दुखणं उन्हाचं नाही."

मला त्यांचं म्हणणं पटलं. शेहेचाळीस अंशांत शाळेत पायी गेलेल्या बाईला सैनिकपुरीची सकाळी सातची हवा काय करणार? बंद वाहनात डोकं दुखणं म्हटलं की फौजेत पहिली शंका कशाची घ्यायची हे आम्हाला तरुणपणीच घोटवलेलं असतं. थंडीत इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नका, ही ताकीद सियाचिनच्या पायथ्यापासून सगळीकडे दिली जाते. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि त्यानंतर गाडी चालवणाऱ्याला काही कळण्याची वेळ निघून गेलेली असते.

मी एक छोटा हातात मावणारा मीटर मिळवला आणि पुढच्या रविवारी मॅडमच्या जागी मी बसलो. छप्पर लावलेलं, काचा वर. काही मिनिटांतच, चढावर साहेबांनी जोर लावला तेव्हा, मीटर कोकलायला लागला. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन महिने मी तिला टोपी घालायला सांगत होतो."

दोष सापडायला अर्धा दिवस लागला. मॅनिफोल्ड आणि खाली जाणारा पाइप जिथे जुळतात तिथलं गॅस्केट जळलेलं होतं. भोवती काजळीचा काळा पंखा उमटला होता. तिथून सुटणारा धूर नेमका त्याच वाटांनी आत येत होता ज्या वाटांनी उष्णता येत होती: गिअरच्या दांड्याचं चिरलेलं रबर, पेडलच्या दांड्यांभोवती झिजून गेलेले नमदे, एका जुन्या वायरचं बूच नसलेलं भोक. गॅरेजवाल्याने घातलेला थर या भोकांच्या वरून अंथरला होता. एकही भोक बंद केलं नव्हतं. शिवाय तो थर स्पंजसारखा पाणी धरणारा होता. तीन पावसाळ्यांचं पाणी पिऊन त्याने खालचा पत्रा गंजवायला घेतला होता.

जुन्या गाडीतल्या उष्णतेबद्दल बोलताना लोक थेट कापूस, फोम, चकचकीत चादरी यांवर येतात, तेव्हा मला ती नमद्याखालची भोकं आठवतात. आत येणारी गरम हवा हा तुम्हाला मिळालेला नकाशा आहे. जिथून ती येते तिथून धूरही येऊ शकतो आणि गाडीला आग लागलीच तर ज्वाळाही तिथूनच येतील. आम्ही आधी गॅस्केट बदललं, मग गाडीत रात्री एकाने खालून टॉर्च धरला आणि दुसऱ्याने आतून उजेडाचे ठिपके मोजले. सतरा निघाले. प्रत्येक ठिपका बुजवला.

त्यानंतर हीटर. या गाड्यांत इंजिनावर हीटरच्या पाण्याची एक तोटी असते. उन्हाळ्यात ती बंद करायची, हिवाळ्यात उघडायची. साहेबांची तोटी उघडी असतानाच गंजून अडकली होती; हैदराबादच्या मे महिन्यात त्यांच्या घोट्यांपासून वीतभर अंतरावर उकळतं पाणी फिरत होतं. नवी तोटी बसवली. पुढच्या जाळीमागून ताजी हवा आत आणणारी एक लवचीक नळी या गाडीला मुळात असते, ती कधीतरी फाटली म्हणून कुणीतरी काढून टाकली होती. तीही परत घातली. एवढ्यानेच साहेब म्हणाले की गाडी निम्म्याने निवली.

पत्र्याखालून येणारी उष्णता वेगळ्या जातीची. ती हवेने येत नाही, तापलेल्या पाइपमधून शेकोटीसारखी किरणांनी येते. तिला अडवायला जाड थर लागत नाही. पाइप आणि फरशी यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एक चकचकीत पातळ पत्रा, दोन्ही बाजूंना हवा खेळेल इतकी बोटभर जागा सोडून, बसवला की काम होतं. पत्रा फरशीला चिकटवला तर निम्मा उपयोग गेला. बाजारात ध्वनिरोधक म्हणून मिळणारी डांबरी-रबरी चादर उष्णतेसाठी विकली जाते. ती आवाज छान मारते, उष्णतेला फारशी दाद देत नाही. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. पट्टीने बॉनेटखालचं तापमान उतरतं हे खरं, पण ती ओल धरते आणि साध्या पोलादाचा पाइप खाते. आमच्या दमट पावसाळ्यात मी ती लावणार नाही.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. साठच्या दशकातल्या गाडीत करड्या रंगाचा, भुसभुशीत, पुठ्ठ्यासारखा जुना थर पत्र्यावर किंवा पाइपजवळ दिसला तर तो नखाने खरवडू नका. त्या काळी गॅस्केट, ब्रेक, क्लच आणि उष्णतारोधक पुठ्ठे यांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरलं जाई. ब्रिटनने ते पूर्णपणे बंद केलं १९९९ मध्ये. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनी हिशोब मागते. साहेबांच्या गाडीत असा एक तुकडा निघाला, तो आम्ही कोरडा न काढता, हात न लावता, जाणकार माणसाकडून काढवून घेतला. जुन्या वर्कशॉपमध्ये काम केलेले आपले किती कारागीर ती धूळ उघड्या तोंडाने झाडत आले असतील, याचा विचार मनात येतो.

ज्यांच्याकडे हीली नाही त्यांनी हे सारं परकं समजू नये. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बनवलेली हेराल्ड अनेक फौजी घरांत होती. ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्रजी स्पोर्ट्स कार त्याच हेराल्डची चॅसिस आखूड करून बनली. दोन्हींत गिअरबॉक्सवरचं झाकण दाबलेल्या पुठ्ठ्याचं. ते वाकलं, भिजलं, कडेला फाटलं की गिअरबॉक्सची सगळी उष्णता मांडीशी. कुणाकडे अजून हेराल्ड चालू असेल तर आधी त्या झाकणाच्या कडा बघाव्यात. आणि कार्ब्युरेटरच्या सगळ्याच गाड्यांना आता आपल्याकडचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण पातळ होतं. ते कार्ब्युरेटरमध्ये पुन्हा जुळवून घ्यायला हवं आणि टायमिंग मागे सरकलेलं नाही ना तेही पाहायला हवं, कारण टायमिंग मागे गेलं की एक्झॉस्ट आणखी तापतो.

मॅडमचं डोकं दुखणं थांबलं. मीटर आता डॅशबोर्डखाली कायमचा बसवलेला आहे. साहेबांनी तो दिसू नये म्हणून काळ्या डबीत लपवला आहे, कारण १९६० च्या दशकातल्या गाडीत चालू शतकातली वस्तू त्यांना खुपते. गरमी मात्र पूर्ण गेलेली नाही. बॉनेटखालची हवा अजूनही अडकते. मी त्यांना पॅट मॉसच्या गाडीचे फोटो दाखवले, मडगार्डमधल्या झडपा दाखवल्या आणि म्हटलं, "सर, एवढं एक करू या." साहेबांनी चष्मा काढून फोटो जवळून पाहिले. मूळ पत्रा कापायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यानेच कापला होता, असं माझं. मॅडम माझ्या बाजूने आहेत. वाद चालू आहे, आणि तोवर रविवारची फेरी सकाळी साडेपाचला निघते.